नुसते पाहण्यासाठी

फिलिपिन्समधून परदेशी निघालेल्या माणसाला ‘कशासाठी चालला आहात?’ असे विचारले, तर आमच्याकडे त्याची दोन उत्तरे तयार असतात : नोकरीसाठी, किंवा नोकरीला गेलेल्या आप्तांना भेटण्यासाठी. सुमारे एक कोटी फिलिपिनो आज देशाबाहेर राहतात. १९७४ सालच्या कामगार संहितेपासून परदेशी मनुष्यबळ पाठवणे हे सरकारचे धोरणच झाले आहे, आणि इलोइलो शहरातील ज्या गल्लीत मी वाढले तिथे जहाजावर, इस्पितळात किंवा परक्याच्या स्वयंपाकघरात राबणारे एकही माणूस नाही असे घर शोधावे लागेल. माझे स्वतःचे शिक्षणही सिंगापूरला घरकाम करणाऱ्या आईच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या तीताच्या पैशांवर चालले आहे. अशा देशात, कमावण्यासाठी नव्हे तर शेजारचे देश नुसते पाहण्यासाठी जायचे आहे, हे तिसरे उत्तर देणाऱ्या मुलीकडे लोक थोड्या संशयाने आणि थोड्या काळजीने पाहतात. जून २०२४ मध्ये हो चि मिन्ह सिटीपासून सिंगापूरपर्यंतचा प्रवास मी बसने आणि रेल्वेने केला, तो या तिसऱ्या उत्तरापोटी.

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत स्पेनच्या ३३३ वर्षांना आणि त्यानंतरच्या अमेरिकी राजवटीला इतकी जागा लागते, की शाळा सोडताना मुलांना माद्रिद आणि वॉशिंग्टन चांगले ठाऊक असते, पण नॉम पेन्ह कोणत्या नदीकाठी वसले आहे हे सांगता येत नाही. त्यात आमचा देश ७,६४१ बेटांचा. आम्हाला कोणत्याही दिशेने जमिनीची सरहद्द नाही, सीमा म्हटली की समुद्रच. एका देशातून दुसऱ्या देशात पायी जाता येते ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती, पण ती मनाला पटलेली नव्हती. म्हणूनच स्वस्त विमानतिकिटे मिळत असतानाही मी पहिला आणि शेवटचा टप्पा सोडून बाकी सारा रस्ता जमिनीवरून आखला.

आसियान देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे थोड्या मुदतीसाठी जायला व्हिसा लागत नाही. व्हिएतनाम आणि कंबोडिया आम्हाला २१ दिवस राहू देतात, तर त्या वेळी थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर ३० दिवस राहू देत होते. कागदावर पाहिले तर सगळी दारे उघडी. आमची कसोटी परक्या दारात लागत नाही, ती स्वतःच्या घरातून बाहेर पडताना लागते. पर्यटक म्हणून नेलेल्या माणसांना परदेशी बेकायदा कामाला जुंपण्याचे प्रकार आमच्याकडे इतके झाले, की २००३ साली मानवी तस्करीविरोधी कायदा आला आणि त्याच्या आधारे विमानतळावरील इमिग्रेशन अधिकारी निघालेल्या प्रत्येक फिलिपिनोची चौकशी करू लागले. समाधान झाले नाही तर प्रवाशाला विमानात चढू देत नाहीत. याला सगळे जण ‘ऑफलोड होणे’ म्हणतात, आणि हा शब्द आमच्या घराघरांत धास्तीने उच्चारला जातो. २०२२च्या अखेरीस एका प्रवासी तरुणीकडे तिच्या शाळेचा वार्षिक अंक (इयरबुक) मागितला गेला आणि त्या खोळंब्यात तिचे विमान चुकले, ही बातमी २०२३ साली देशभर गाजली होती. तरीही ही तपासणी मुळातच चुकीची आहे असे मला म्हणवत नाही. ज्या काळात मी निघाले त्याच्या आधीची एकदोन वर्षे, कंबोडिया आणि म्यानमारमधील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या फिलिपिनो तरुणांच्या सुटकेच्या बातम्या सतत येत होत्या. त्यांतले कित्येक जण पर्यटक म्हणूनच बाहेर पडले होते. माझ्या वाटेवर कंबोडिया होता आणि माझे वय त्यांच्याइतकेच होते.

तेव्हा मी कागद गोळा केले. विद्यापीठाचे ओळखपत्र, पुढच्या सत्राच्या नोंदणीचा दाखला, प्रत्येक मुक्कामाचे आरक्षण, सिंगापूर ते मनिला परतीचे तिकीट, बँकेचे पुस्तक. माझा खर्च मी शिकवण्या घेऊन जमवला होता, परंतु विद्यार्थिनीच्या खात्यातील रकमेवर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून तीताने सिंगापूरच्या आमच्या वकिलातीतून प्रमाणित केलेले हमीचे प्रतिज्ञापत्र पाठवले. ती खरोखर माझी मावशी आहे हे सिद्ध करण्यासाठी माझा जन्मदाखला, त्यावरील आईचे नाव जुळवण्यासाठी आईचा जन्मदाखला, आणि आई व तीता एकाच आईबापांच्या मुली हे दाखवण्यासाठी तीताचा जन्मदाखला, असे तिन्ही दाखले सांख्यिकी कार्यालयातून काढावे लागले. देश सोडणाऱ्याला भरावा लागणारा १,६२० पेसोंचा प्रवासकर वेगळा. हे सारे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावताना आई म्हणाली, की नोकरीला जाताना तीतालासुद्धा इतके कागद लागले नव्हते. ते तंतोतंत खरे नसेल, पण नोकरीच्या वाटेवर प्रत्येक कागद कुठे मिळतो हे सांगणारी एजन्सी असते आणि माझ्या वाटेवर कुणीही नव्हते, इतके मात्र खरे.

मनिलाच्या विमानतळावर मध्यरात्रीनंतर माझी पाळी आली. काउंटरवरील अधिकाऱ्यांनी तिकिटे पाहिली आणि मला बाजूच्या खोलीत, अधिक चौकशीसाठी पाठवले. तिथल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. व्हिएतनामला उतरणार आणि सिंगापूरहून परतणार, मधले अंतर कसे कापणार, बसने का, एकटी का, कंबोडियात कुणी ओळखीचे आहे का, मावशी काय काम करते, तिने तिथे तुझ्यासाठी काम पाहिले आहे का, असे प्रश्न त्या एकामागून एक विचारत गेल्या आणि उत्तरे एका फॉर्मवर लिहीत गेल्या. अंकोरला का जायचे आहे, या प्रश्नावर मी आमच्या अभ्यासक्रमातील प्राचीन आग्नेय आशियाविषयी बोलू लागले आणि बराच वेळ बोलत राहिले. त्यांनी मला थांबवले नाही. शेवटी त्यांनी विचारले, “म्हणजे फक्त पाहायला?” मी “हो, मॅम” म्हटले. शिक्का पडला. खोलीत माझ्या आधीपासून बसलेली, हातात माझ्यासारखाच फोल्डर धरलेली एक मुलगी मी निघाले तेव्हाही तिथेच होती, आणि तिचे पुढे काय झाले हा विचार विमानात बसल्यावरही मनातून जाईना.

हो चि मिन्ह सिटीत दुचाकींच्या लोंढ्याची सवय व्हायला वेळ लागला नाही, मनिलात वावरलेली मुलगी वाहतुकीला घाबरत नाही. मात्र युद्धाच्या संग्रहालयातून मी जड मनाने बाहेर पडले. तिथल्या छायाचित्रांत मी माझा देश शोधत होते आणि तो सापडणार हे मला ठाऊक होते. आमच्याकडील क्लार्कचा हवाई तळ आणि सुबिकचे आरमारी बंदर हे अमेरिकेच्या व्हिएतनाममधील युद्धाचे मोठे आधार होते. त्याखेरीज १९६६ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी सुमारे २,००० जणांचे एक पथक व्हिएतनामला पाठवले. त्यात रस्ते बांधणारे अभियंते होते, डॉक्टर होते आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक होते. त्यासाठी अमेरिकेने पैसा दिला होता हे पुढे अमेरिकी सेनेटच्या चौकशीतून बाहेर आले. हे पथक ताय निन्ह प्रांतात होते. नॉम पेन्हला जाणारी बस त्याच प्रांतातून जाते, हे मी नकाशावर आधीच पाहून ठेवले होते, म्हणून खिडकीजवळची जागा मागून घेतली. बाहेर भाताची खाचरे होती, रबराच्या झाडांच्या रांगा होत्या आणि पावसाचे पाणी साचलेल्या शेतात म्हशी होत्या, इलोइलोबाहेर दिसतात तशाच. माझ्या देशाची माणसे इथे कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या पैशाने आली होती, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

मोक बाय येथे सरहद्द आली. बसच्या सहायकाने सर्वांचे पासपोर्ट गोळा केले, आम्ही सामान घेऊन खाली उतरलो, व्हिएतनामच्या मोठ्या इमारतीतून नावे पुकारल्याप्रमाणे एकेक जण पुढे सरकलो आणि पलीकडच्या दाराने बाहेर आलो. पुढे थोडा मोकळा रस्ता होता आणि त्यापलीकडे देवळाच्या शिखरासारखे छप्पर असलेली कंबोडियाची कमान. त्या मोकळ्या रस्त्यावर मी जाणीवपूर्वक सावकाश चालले. एका बाजूच्या पाट्यांवर आमच्यासारखीच लॅटिन अक्षरे होती, दुसऱ्या बाजूला ख्मेर लिपी सुरू झाली होती. नोटा बदलल्या, भाषा बदलली, आणि दोन्हीकडे आंबे विकणाऱ्या बायका मात्र एकसारख्याच टोपल्या घेऊन बसल्या होत्या. समुद्राने वेढलेल्या माणसाला वाटते की, देश निसर्गानेच वेगळे केलेले असतात. इथे कुणीतरी शेतातून रेघ ओढली होती, तिच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे इतिहास घडले होते, आणि १९७०च्या दशकात लाखो माणसांचे जगणे-मरणे आपण रेघेच्या कोणत्या बाजूला आहोत यावर ठरले होते. कंबोडियाच्या, म्हणजे बाव्हेतच्या बाजूला रस्त्याच्या दुतर्फा जुगाराचे अड्डे आहेत. चौकशीच्या खोलीतील बाईंचे प्रश्न मला तिथे आठवले आणि ते अनाठायी नव्हते असे वाटले.

पुढे नेआक लुओंगला मेकाँग नदी ओलांडली. २०१५ पर्यंत इथे सगळी वाहने तरीवर चढवून न्यावी लागत, आता जपानच्या मदतीने बांधलेला उंच पूल आहे.

नॉम पेन्हमधील तुओल स्लेंग ही आधी शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज हे कट्टर साम्यवादी सत्तेवर आले आणि ७ जानेवारी १९७९ ला त्यांचा पाडाव झाला. या काळात देशातील पंधरा ते वीस लाख माणसे मेली, आणि या शाळेच्या वर्गांत हजारो लोकांना डांबून, छळून मारण्यासाठी पाठवले गेले. वर्गखोल्यांत खडूने लिहायचे फळे तसेच आहेत. फरशी आमच्या शाळेत होती तशीच, पिवळ्या-पांढऱ्या चौकटींची आहे. कैद्यांची छायाचित्रे रांगेने लावली आहेत आणि त्यांतले चेहरे, रंग, डोळे, केस, सगळे इतके आमच्यासारखे आहेत की, पाहणाऱ्या फिलिपिनोला तिथे परकेपणाचा आडोसा मिळत नाही. काही चेहऱ्यांसमोर मी नुसती उभी राहिले.

इथूनच मला आमच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकांची आठवण झाली. तरुणपणी त्या बाताआन प्रांतातील मोरोंग येथे इंग्रजी शिकवीत असत. १९८० साली तिथे निर्वासितांसाठी केंद्र उघडले होते. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून पळून आलेल्या ज्यांना अमेरिका किंवा अन्य देशांनी स्वीकारायचे ठरवले होते, त्यांना काही महिने मोरोंगला ठेवून भाषा आणि नव्या देशातील व्यवहार शिकवीत. केंद्र बंद होईपर्यंत सुमारे चार लाख माणसे तिथून पुढे गेली. त्या बाई सांगत, की वर्गात ख्मेर बायका गप्प बसून राहत, आणि मुलांच्या संख्येविषयीचा साधा धडा आला की उठून बाहेर जात. लहानपणी मी ते ऐकले होते, पण त्यामागे काय आहे ते मला तुओल स्लेंगच्या अंगणात बसल्यावर कळले. ज्या देशाने युद्धाला तळ दिले त्याच देशाने युद्धातून आलेल्यांना छप्पर दिले. या दोन्ही गोष्टी आमच्या आहेत आणि दोन्ही शाळेत शिकवायला हव्यात, असे मला फार वाटते. आणखी एक गोष्ट मनात आली. आमच्याकडे मार्कोस यांच्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या काळात छळ सोसलेल्या ११,१०३ जणांना २०१३ च्या कायद्यानुसार अधिकृत मान्यता मिळाली आणि त्याच कायद्याने त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय बांधायचे ठरले, पण मी प्रवासाला निघाले तेव्हा ते संग्रहालय उघडलेले नव्हते. कंबोडियासारख्या गरीब आणि घायाळ देशाने ख्मेर रूजचा पाडाव झाल्यावर लगेच त्या शाळेचे दार जगासाठी उघडले, याविषयी मला आदर वाटतो.

अंकोरवर मी खूप वेळ घालवला. परदेशी माणसाला एका दिवसाचे तिकीट ३७ डॉलरला पडते, माझ्यासारखीला ते भारी होते, पण त्या पैशांविषयी मला क्षणभरही वाईट वाटले नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मा याने बांधलेल्या अंकोर वाटच्या बाहेरच्या ओवऱ्यांत भिंतभर शिल्पपट आहेत. पश्चिमेला एका अंगास कुरुक्षेत्र, दुसऱ्या अंगास लंकेची लढाई, पूर्वेला समुद्रमंथन. कुरुक्षेत्राच्या पटासमोर मी पुस्तकातून उतरवून घेतलेल्या टिपणांशी आकृत्या ताडून पाहत होते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या एका वयस्कर दांपत्याने बाणांच्या शय्येवर पडलेल्या योद्ध्याकडे बोट दाखवून हे भीष्म, असे मला सांगितले. मग ते पुढे चालत गेले आणि मी त्यांच्यामागून. हा अर्जुन, हा त्याचा सारथी, असे ते ओळखत चालले होते. त्यांना टिपणांची गरज नव्हती. त्यांच्या घरात लहानपणापासून ऐकलेली माणसे परक्या देशाच्या भिंतीवर भेटत होती, आणि त्या बाईंचे डोळे भरून आले होते.

तुमच्या देशात असे काही आहे का, असे त्या गृहस्थांनी मला विचारले. दगडी देवळे आमच्याकडे नाहीत. पण १९८९ साली लागुना प्रांतात, लुम्बान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एक काळपट पत्रा सापडला होता. मिंदोरो बेटावर मांग्यान लोकांमध्ये राहणारे डच अभ्यासक आंतून पोस्तमा यांनी तो वाचला. तो ताम्रपट निघाला. जावामधील जुन्या लिपीत आणि जुन्या मलय भाषेत, मधूनमधून संस्कृत शब्द घेऊन, नामवरान नावाच्या माणसाचे सोन्याचे कर्ज माफ झाल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. तारीख आहे शके ८२२, वैशाख, कृष्ण पक्षातील चतुर्थी, सोमवार. मी हे सांगत असतानाच त्या गृहस्थांनी मनात ७८ मिळवले आणि म्हणाले, “म्हणजे इसवी सन ९००!” महाराष्ट्रातील पंचांगांवर हाच शक आजही छापला जातो हे त्यांनीच मला सांगितले. इसवी सन ९०० मधील २१ एप्रिलचा तो दिवस. १५२१ साली स्पेनच्या वतीने दर्यावर्दी मॅगेलान आला तेव्हापासून आमचा लिखित इतिहास सुरू होतो असे माझ्या आजीच्या पिढीला शिकवले होते, या एका पत्र्याने तो ६२१ वर्षांनी मागे गेला. हा ताम्रपट मी मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड अनेकदा पाहिला होता आणि तो मला नेहमी एकाकी, कुठून तरी वाहत आलेला वाटे. अंकोरच्या ओवरीत उभी असताना तो मला प्रथमच त्याच्या गोतावळ्यात दिसला. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून लिपी, कालगणना, कायद्याची भाषा आणि कथा ज्या समुद्रावरून फिरत होत्या, त्या समुद्राच्या काठी आम्हीही होतो. आम्ही पूर्वेकडचे टोक होतो, बाहेरचे नव्हतो.

पोइपेतला थायलंडची हद्द ओलांडली. कंबोडियात वाहने उजवीकडून चालतात, थायलंडमध्ये डावीकडून, आणि ही अदलाबदल त्या गर्दीच्या चौकात होत होती. तिथून बँकॉकपर्यंत तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेचे तिकीट ४९ बाथ होते. उघड्या खिडक्या, लाकडी बाक आणि दर स्थानकावर चढणारे खाद्यपदार्थांचे विक्रेते असा तो प्रवास मला फार आवडला. आमची इलोइलोची रेल्वे माझ्या जन्मापूर्वीच बंद पडली, आणि मनिलातील उपनगरी गाड्यादेखील नव्या मार्गाच्या बांधकामासाठी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पाच वर्षांसाठी थांबवल्या गेल्या. माझ्या पिढीच्या फिलिपिनोला रेल्वेने गावाला जाणे म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

बँकॉकविषयी मी थोडेच लिहिते, कारण तिथे मी बहुतेक वेळ माझ्याच देशाच्या माणसांत काढला. थायलंडच्या शाळांत फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने इंग्रजी शिकवतात. मी राहिले त्या घरातील तिघी शिक्षिकाच होत्या. शिक्षणशास्त्राची पदवी आणि अनुभव असूनही गोऱ्या देशांच्या पासपोर्टधारकांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळतो, असे त्या सांगत होत्या, आणि तरीही मायदेशी सरकारी शाळेत मिळाला असता त्यापेक्षा तो जास्त असल्याने राहत होत्या. आलीस कधी, काम मिळाले का, असे त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी विचारले. मी नुसती पाहायला आले आहे म्हटल्यावर त्यांतील सर्वांत मोठी, जिला आम्ही सगळ्या आते, म्हणजे ताई, म्हणत होतो, म्हणाली, “मग आमच्यासाठीही बघून घे.” तिला तिथे बरीच वर्षे झाली होती. शाळा, खोली आणि पैसे पाठवण्याचा काउंटर यांच्यापलीकडचे बँकॉक तिने फारसे पाहिले नव्हते.

रात्रीच्या गाडीने दक्षिणेकडे निघाले. सकाळी पादांग बेसारला एकाच स्थानकाच्या इमारतीत आधी थायलंडचा आणि काही पावलांवर मलेशियाचा शिक्का पडला, आणि घड्याळ एक तास पुढे करावे लागले. आता ते मनिलाच्या वेळेवर आले होते. मलेशियात भाषा कळत नसूनही ओळखीची वाटते. आकडे, शरीराचे अवयव, घरातील वस्तू यांची कितीतरी नावे आमच्याकडची आहेत. क्वालालंपूरला मी फार थांबले नाही, मला मलाक्का गाठायचे होते.

मलाक्काची ओढ एन्रिकेमुळे होती. १५११ साली पोर्तुगिजांनी मलाक्का घेतले, तेव्हा त्यांच्यात असलेल्या मॅगेलानने एक मलय तरुण गुलाम म्हणून मिळवला. त्याचे ख्रिस्ती नाव एन्रिके. मॅगेलान त्याला युरोपला घेऊन गेला, पुढे पश्चिमेच्या सफरीवरही बरोबर ठेवले, आणि १५२१ साली जहाजे आमच्या, म्हणजे इलोइलो ज्यांत येते त्या विसाया बेटांपाशी पोहोचली तेव्हा एन्रिकेने मलयमध्ये घातलेली हाक बेटावरील राजाला समजली. मॅगेलान २७ एप्रिलला मॅक्तानच्या लढाईत मारला गेला. काही दिवसांनी सेबूमध्ये झालेल्या कत्तलीनंतर एन्रिके कागदपत्रांतून नाहीसा होतो. तो जर मलाक्काला परतला असेल, तर पृथ्वीची पहिली प्रदक्षिणा त्याची. मी स्वतः विसायाची असल्याने मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आमच्या बेटांवर युरोपियनांचे पहिले शब्द पोहोचले ते एका शेजाऱ्याच्या तोंडून, आणि तो शेजारी स्वखुशीने आला नव्हता. मलाक्काच्या टेकडीवर सेंट पॉलच्या पडक्या चर्चमध्ये आणखी एक जागा आहे, जाळीखालची रिकामी कबर. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव १५५३ साली काही महिने इथे होते आणि इथूनच ते गोव्याला नेण्यात आले. तीताची या संतावर मोठी श्रद्धा आहे, म्हणून मी तिथे तिच्या नावाने प्रार्थना केली.

जोहोर बाहरूहून सिंगापूरला जाणारा बांध एक किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि त्याचे औपचारिक उद्घाटन १९२४ साली झाले. मलेशियात राहून सिंगापूरमध्ये काम करणारे असंख्य लोक तो रोज ओलांडतात. बस थांबली की सगळे उतरून धावत सुटतात, शिक्का घेऊन पुन्हा मिळेल त्या बसमध्ये चढतात. त्यांच्या हालचालींत मला माझी गल्ली दिसली, फक्त हे लोक रात्री घरी परतत होते आणि आमची माणसे वर्षानुवर्षे परतत नाहीत.

रविवारी तीता भेटली. ती २००४ साली सिंगापूरला गेली तेव्हा आजीने तिला अडवण्याचा खूप प्रयत्न केला होता, कारण १७ मार्च १९९५ ला फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या फिलिपिनो घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये खुनाच्या आरोपावरून फाशी झाली ही गोष्ट आजी विसरली नव्हती. आमच्या देशात तेव्हा जो क्षोभ उसळला, त्यातून त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदा झाला आणि जाणेही चालू राहिले. आम्ही आधी मिस्सा ऐकली आणि मग ऑर्चर्ड रोडवरील लकी प्लाझामध्ये गेलो. रविवारी ती इमारत आमचीच असते. पैसे पाठवण्याच्या काउंटरपुढे रांगा, घरी पाठवायच्या खोक्यांत साबण, चॉकलेटे आणि बूट दाबून बसवणाऱ्या बायका, जमिनीवर चादर पसरून एकत्र जेवणाऱ्या मैत्रिणी. २०१३ पासून नव्या करारांत घरकामगारांना आठवड्याची सुट्टी लागू झाली. त्याआधी महिनोन्महिने रविवार मिळत नसे, असे तीता म्हणाली. ज्या रांगेतून माझी फी येत आली ती रांग मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिच्याबरोबर त्या रांगेत उभी राहिले. त्या वेळी मला जे वाटले ते कृतज्ञता या शब्दात मावत नाही, त्यात बराच विषाद होता.

दुपारी मी तिला नदीकाठी घेऊन गेले. आशियाई संस्कृतींच्या संग्रहालयाबाहेर, सिंगापूरला येऊन गेलेल्या परदेशी नेत्यांच्या स्मरणार्थ शिळा उभारल्या आहेत. तिथे जवाहरलाल नेहरू आहेत, हो चि मिन्ह आहेत आणि आमचे राष्ट्रनायक होसे रिझाल आहेत. मे १८८२ मध्ये, एकविसावे वर्ष पूर्ण व्हायच्या आधी, रिझाल दुसऱ्याच नावाच्या पासपोर्टवर गुपचूप मनिलाहून निघाले. त्यांनी पाहिलेले पहिले परदेशी शहर सिंगापूर. १८९६ साली अटकेत असताना त्यांना परत नेणारे जहाज याच बंदरात थांबले, तेव्हा मित्रांनी इथल्या न्यायालयात त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला मनिलात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. इतकी वर्षे या शहरात राहून तीताने ती शिळा पाहिली नव्हती. तिने त्यावरचा मजकूर सावकाश, पूर्ण वाचला.

मग आम्ही तिथेच बाकावर बसलो आणि तिने मला वाटेतील सगळे विचारले. अंकोरच्या भिंती, तुओल स्लेंगचे वर्ग, गाडीत रात्री बिछाना कसा घालतात, हे सर्व ती ऐकत राहिली. पण मलाक्काच्या रिकाम्या कबरीचा विषय निघाला तेव्हा ती मध्येच म्हणाली, “इंदाय, ते इथून किती लांब आहे?” बसने साधारण चार तास, मी म्हटले. जोहोरचा बांध तिने कधीच ओलांडला नव्हता. तिचे सगळे प्रवास मनिला आणि सिंगापूर यांच्यामधले, आणि त्यांतही दर वेळी सुट्टीचा निम्मा वेळ परत येण्याचे कामगार-प्रमाणपत्र मिळवण्यात जायचा. तिला वाटत होते, की कामाच्या परवान्यावर असलेल्या बाईला शेजारच्या देशात नुसते फिरायला जाता येत नसावे.

जाता येते. मी तिच्या वहीत लिहून दिले : मालकीणबाईंची परवानगी आणि रजेची तारीख, सहा महिन्यांहून अधिक मुदत उरलेला पासपोर्ट, कामाचा परवाना, निघण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत भरायचा मलेशियाचा डिजिटल अर्ज, बस कुठून सुटते आणि टेकडीवर कोणत्या बाजूने चढायचे. ऑगस्टच्या राष्ट्रीय दिनाला जोडून तिने दोन दिवसांची रजा मागितली आणि ती मिळाली. आठवड्यापूर्वी तिने मला फोनवर विचारले, की मलेशियाच्या अर्जात प्रवासाचे कारण या रकान्यात काय लिहायचे असते. मी तिला पर्यटन हा पर्याय निवडायला सांगितले.